‘सिस्टर, पोरीच्या फार्मसीसाठी सोनं मोडू का?’

बारावीचा निकाल लागला की रविवारच्या वंदनेनंतर विहारात आयाबाया माझ्यासाठी थांबतात. कुणाच्या हातात शुगरचा रिपोर्ट असतो, कुणाच्या हातात पोराची मार्कशीट. यंदा धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी विचारले, “सिस्टर, पोरीला फार्मसीला घालायचंय. कॉलेजवाले म्हणतात, आज पैसे भरा, मॅनेजमेंटमधून सीट पक्की. सोनं मोडू का?”

मी म्हटले, “सोनं राहू द्या ताई. आधी वही काढा.”

त्या वहीत आम्ही जे मांडले, ते इतर पालकांच्याही कामाचे आहे.

कोर्स कोणता?

बारावी सायन्सनंतर दोन वाटा आहेत. डी.फार्म. हा दोन वर्षांचा डिप्लोमा, त्यानंतर 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. बी.फार्म. ही चार वर्षांची पदवी. दोन्हींनंतर राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते, मेडिकल टाकता येते, सरकारी दवाखान्यातल्या औषध निर्माण अधिकारी पदासाठी अर्ज करता येतो. औषध निरीक्षक व्हायचे असेल तर मात्र पदवी लागते. घरची ओढाताण असेल तर आधी डी.फार्म. करावे; पुढे बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

कॉलेज पाहताना इमारत पाहू नका. त्या वर्षी त्याला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते पाहा. मान्यता नसेल तर नोंदणी अडते आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

सीट कोणत्या दाराने?

खरा हिशेब इथेच आहे. शासनाच्या कॅप फेरीतून प्रवेश घेतला आणि पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या सवलतीची योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही दारे बंद. म्हणजे तेच कॉलेज, तोच बाक. एकीची फी शासन भरते आणि दुसरीची आई सोनं मोडते.

अमरावती, कराड, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय फार्मसी महाविद्यालये आहेत. पसंतीक्रम भरताना बी.फार्म.च्या मुलांनी ती वर ठेवावीत. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यावर ‘डोनेशन’ मागणे 1987 च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. पैसे मागितले तर पावती मागा.

कागद आधीच तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि सर्वांत महत्त्वाचे जात वैधता प्रमाणपत्र. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण पडताळणीचा अर्ज वेळेत केला नाही तर हक्क कागदावरच राहतो. तो अर्ज अकरावीतच करा.

शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यावर येतो. तो फीसाठीच असतो. घरातल्या अडचणीला वापरला की कॉलेज परीक्षेच्या तोंडावर अडवते.

राहणे-जेवणे वेगळे धरा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करा.

सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका

आता मिळकतीचे. आमच्या भागात मेडिकलवर नव्या मुलाला दहा-बारा हजारांपासून सुरुवात करावी लागते. मग कुणीतरी सांगते, “सर्टिफिकेट आमच्या दुकानात लाव, घरबसल्या पैसे घे.” हे बेकायदा आहे. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच.

वॉर्डात असताना असे पेशंट मी पाहिले आहेत. एका आजीला दुकानातल्या पोऱ्याने शुगरची गोळी दिवसातून तीनदा घ्यायला सांगितली. चिठ्ठीवर एकदाच लिहिली होती. शुगर इतकी उतरली की त्या बेशुद्धच आल्या. भिंतीवर सर्टिफिकेट होते, काउंटरमागे फार्मासिस्ट नव्हता. अशा दुकानात बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली माणसे जातात.

मग जावे का?

जावे, पण कॅपमधून जागा मिळत असेल आणि मुलीला काउंटरमागे उभे राहून हे काम करायचे असेल तर. केवळ ‘मेडिकल लाइन’ म्हणून कर्ज काढून जाऊ नये. जागा मिळाली नाही तर एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करणे व्याजापेक्षा स्वस्त पडते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी नोकरी केली, पैसे साठवले, उरलेल्यासाठी मित्राकडून उसने घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

त्या ताईंच्या मुलीने कॅपचा अर्ज भरला आहे. यादी अजून लागायची आहे. सोने घरातच आहे.

जय भीम!