ठासणीची जुनी बंदूक

सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर ज्यांचा संसार चालतो, अशा हिंगोली जिल्ह्यांतील कोणाही शेतकऱ्यास विचारावें; रानडुकरांचा कळप एका रात्रींत शेताची काय दशा करितो, हें तो सांगेल. कयाधूच्या कांठीं काय किंवा औंढ्याच्या डोंगराकडेला काय, मचाणावर बसून डबा वाजविणाऱ्या राखणदाराची भीति जनावरांस फार दिवस वाटत नाहीं. मग घरांत विचार निघतो कीं, एखादी जुनी ठासणीची बंदूक स्वस्तांत मिळाली तर घ्यावी, थोडी डागडुजी करावी, म्हणजे निदान आवाज तरी होईल. हा विचार मूर्खपणाचा नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा नांवानिशीं उल्लेख आहे. अर्ज खऱ्या गरजेचा असेल व नकार देण्यास दुसरें कारण नसेल, तर अशा बंदुकीचा परवाना द्यावा असें तें कलम सांगतें. ही बंदूक पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसऱ्या जातीच्या साध्या नळीच्या बंदुकीचा विचार होतो. सरकारदरबारीं शेतकऱ्याचें हत्यार म्हणून मान्यता पावलेली अशी ही एकच बंदूक आहे म्हणा ना.

हिंगोलीस या बंदुकीचा परिचय जुना आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीस होती. १८१९ च्या आरंभीं हटकर सरदार नोवसाजी नाईक यांच्याशीं या फौजेच्या पूर्वरूपाची जी लढाई झाली, तींत एका बाजूस चकमकीच्या बंदुका व दुसऱ्या बाजूस तोड्याच्या बंदुका असाव्यात, हें त्या काळाच्या रिवाजावरून उघड आहे. तोड्याच्या बंदुकींत जळती वात कानापाशीं ठेवलेल्या रंजकेस लावीत. चकमकींत गारेची ठिणगी तेंच काम करी. पुढें तांब्याची लहानशी टोपी आली व घोड्याच्या आघातानें पेट घेऊं लागली. तिन्हींत दारू व गोळी तोंडाकडूनच गजानें ठासावी लागते. आपल्या भागांत हिलाच भरमार म्हणतात, आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या हकिकतींत रझाकारांच्या हातीं हीच भरमार दिसते.

जुन्या मालाच्या बाजारांत ठासणीची 'रायफल' म्हणून जें कांहीं पुढें केलें जातें, त्याविषयीं येथेंच दोन शब्द सांगणें बरें. रायफलीच्या नळीच्या आंतील अंगास पिळाच्या खाचा असतात. त्यांमुळें गोळी स्वतःभोवतीं फिरत जाते व दूरवर नेमकी लागते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही ठासणीचीच होती, आणि तिच्या काडतुसांवरून १८५७ सालीं काय रणकंदन माजलें तें सर्वांस ठाऊक आहे. त्या उठावानंतर इंग्रजांनीं हिंदी शिपायांच्या हातीं बाहेरून एन्फील्डसारख्या दिसणाऱ्या, परंतु आंतून खाचा नसलेल्या बंदुका दिल्या. नेम साधणारें हत्यार या लोकांस नको, हा त्यांतला हिशेब! तेव्हां नुसत्या बाह्य रूपावरून बंदुकीस रायफल म्हणतां येत नाहीं; बंदूक रिकामी आहे याची खात्री करून घेतल्यावर नळींत उजेड पाडून पाहावें. खाचा असतील तर पीकरक्षणाच्या सवलतीची ती बंदूक नव्हे. तिच्यासाठीं निराळें सबळ कारण दाखवावें लागतें. शेताच्या राखणीस साधी नळी पुरते.

आतां खरेदीचें पाहूं. परवाना हातीं पडल्यावांचून पैसे मोजूं नयेत, हें सांगावयास नकोच. बंदूक परवानाधारक व्यापाऱ्याकडून घ्यावी, नाहीं तर जिच्या मालकापाशीं स्वतःचा परवाना आहे अशी घ्यावी. खाजगी मालकास ती विकावयाची असल्यास, आपला बेत व घेणाराचें नांव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारास त्यानें लेखी कळविलें पाहिजे, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस लोटले पाहिजेत. 'आज द्या, कागद मागाहून करूं' असें म्हणणारा विकणारा किती का ओळखीचा असेना, त्याच्या ओट्यावरून उठून यावें.

बंदूक हातीं येतांच ती भरलेली आहे असेंच समजावें. ठासणीच्या बंदुकीस उघडून पाहण्याची सोय नसते, म्हणून वर्षानुवर्षें खुंटीवर टांगलेल्या नळींत आजोबांच्या वेळची दारू व छर्रे तसेच राहिलेले असूं शकतात, आणि कोरडी राहिलेली दारू जुनी झाली म्हणून निर्जीव होत नाहीं. परीक्षा सोपी आहे. निपलावर टोपी नाहीं हें पाहावें, नळीचें तोंड स्वतःपासून व इतरांपासून दूर धरावें, हात किंवा तोंड त्यासमोर येऊं न देतां गज हळूच आंत सोडावा, आणि तोंडाशीं गजावर खूण करावी. मग गज बाहेर काढून तीच खूण तोंडाशीं जुळवून तो नळीच्या बाहेरून धरावा. त्याचें टोंक निपलाच्या जागेपर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. दोनतीन बोटें अलीकडेच थांबलें तर आंत कांहीं तरी आहे. तें काढण्याचा उद्योग घरीं करूं नये; तें बंदूकसाजाचें काम.

रिकामी असल्याची खात्री पटल्यावर घोडा अर्ध्या खटक्यावर ओढून चाप दाबून पाहावा. घोडा पडतां कामा नये. पडला तर आंतील खांच झिजली आहे, आणि अशी बंदूक खांद्यावरून नेतांना कोणाच्या तरी जिवावर बेतेल. नळीवरून बोटें फिरवून कोठें फुगवटा लागतो कीं काय तें पाहावें. गोळी दारूवर घट्ट न बसतां मध्यें पोकळी राहिली असतां बार काढला, तर नळीस असा कंगोरा येतो. त्यावर इलाज नाहीं. आंत थोडा गंज चालतो, खोल खड्डे चालत नाहींत. नळीच्या बुडाशीं जें आट्यांचें बूच असतें तेथें, आणि निपलाच्या मुळाशीं, काळे ओघळ दिसले तर वायु बाहेर फुटतो असें समजावें. दस्ता मुठीपाशीं बारीक असतो व तेथेंच तडकतो. पितळी तार गुंडाळून किंवा रंग लावून ती तड झांकण्याची चलाखी फार जुनी आहे.

निपल झिजलेलें असेल, कमान मऊ झाली असेल, दस्ता तडकला असेल, तर या गोष्टी दुरुस्त होतात व खर्चही बेताचा येतो. नळी व बूच यांचा दोष असेल तर बंदूक फुकट मिळाली तरी महागच. परंतु दुरुस्ती कोणी करावी? आपल्याकडे गांवचा लोहार नांगराचा फाळ शेवटून देतो, तसा घोडाही बसवून देईल अशी समजूत असते. कायद्यानें बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. विनापरवाना बंदूक घडविणें व दुरुस्त करणें हीं एकाच पंक्तीस बसविलीं असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यांस किमान सात वर्षांची कैद आहे. बिचाऱ्या लोहारास आपण कोणत्या खाईंत लोटीत आहों याचा विचार करावा. तोंडाशीं फाटलेली नळी सहा बोटें कापून टाकण्याची युक्तीही कोणी सुचवितो. नळी आंखूड करण्यास वेगळाच परवाना लागतो. घरच्या माणसानें करावयाचें तें साफसफाई आणि तेलपाणी.

एकत्र कुटुंबांत यापेक्षां मोठी अडचण वेगळीच आहे. वाडा घराण्याचा, जमीन घराण्याची, देव घराण्याचे. बंदुकीचा परवाना मात्र एका माणसाचा. कर्ता पुरुष वारला कीं त्याच्या परवान्याचा अधिकार मुलाकडे आपोआप येत नाहीं. क्रियाकर्माच्या धांदलींत कोणास आठवणही राहत नाहीं, आणि माजघराच्या भिंतीवरील बंदूक त्या दिवसापासून विनापरवाना ठरते. अशा वेळीं ती विनाविलंब पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी, पावती घ्यावी, आणि घरांतील ज्यास हवी असेल त्यानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा. भावाभावांच्या वांटणीपत्रांत बंदूक भांड्यांच्या यादींत लिहून मोकळें होतां येत नाहीं.

'ती तर मोडकी आहे, कायद्याचा काय संबंध?' असें पुष्कळजण म्हणतात. कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमांत जुनाट, पुराणवस्तु म्हणून मोलाच्या व नादुरुस्त हत्यारांस सूट आहे खरी. पण जें हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाहीं त्यालाच ती सूट आहे. आज घोडा नाहीं, उद्यां नवा बसवितां येतो, तर ती बंदूकच. विनापरवाना बाळगणाऱ्यास दोन ते पांच वर्षांची कैद आहे. तेव्हां माळ्यावरची मोडकी बंदूक चुपचाप दुरुस्त करून वापरावी, हा मोह धरणाऱ्यानें हें कलम आधीं वकिलाकडून वाचून घ्यावें.

परवाना असला तरी जनावर मारण्याची मुभा त्यांत नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें रानडुक्कर किंवा रोही मारण्यास वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत बार आकाशाकडे, आणि तोही नुसत्या दारूचा.

बार काढलेली बंदूक तशीच ठेवूं नये. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर राखेच्या रूपानें उरतो. ती राख हवेंतील ओल ओढून घेते, आणि पावसाळ्यांत एका रात्रींत नळी तांबडी होते. त्यासाठीं कढत पाणी हाच उत्तम उपाय. नळीस चिंधी गुंडाळलेल्या गजानें पाण्याचे दोनचार हात द्यावे, पाणी स्वच्छ येऊं लागलें कीं कोरडी पुसावी व आंतबाहेर तेलाचा हात फिरवावा. अलीकडच्या काडतुसांतील बिनधुराची दारू मात्र हिच्यांत चिमूटभरही घालूं नये. तिचा दाब या नळ्यांस सोसत नाहीं.

खंडेनवमीस ज्या घरीं बंदूक पुजतात तेथें ओलें हळदकुंकू तिच्यावर तसेंच वाळूं देतात, आणि दिवाळीपर्यंत त्या बोटांच्या ठशांखालीं गंज धरतो. पूजा झाली कीं त्याच सायंकाळीं ती पुसून तेल लावावें. पाटावर मांडण्याच्या आधीं गज घालून वर सांगितलेली परीक्षाही करावी. त्या दिवशीं मुलें पाटाभोवतींच असतात.