फौजी घरी आला, त्याचे कागद आले का?

१९९० साली भारतीय शांतिसेना श्रीलंकेतून परतली, तेव्हा आमच्या वस्तीतला एक जवानही घरी आला. तो महार रेजिमेंटचा. याच रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अशा ठिकाणाहून आपला माणूस जिवंत आला, म्हणून स्टेशनपासून विहारापर्यंत मिरवणूक निघाली. त्रिसरण-पंचशील झाले, आयाबायांनी ओवाळले. सुरुंगाच्या स्फोटाने त्याचा एक कान गेला होता, हे मात्र घरच्यांनाच ठाऊक होते.

काही वर्षांनी त्याची पेन्शन झाली. महार रेजिमेंटच्या जवानाचे हे काम मध्य प्रदेशातील सागर येथील सेंटरमधून होते. सामान जमा करणे, फंड आणि विम्याचा हिशेब, पेन्शनचे कागद, डॉक्टरी तपासणी. डॉक्टरांनी विचारले तेव्हा हा म्हणाला, "काही तक्रार नाही, साहेब." तक्रार सांगितली तर घरी जायला उशीर होईल, ही भीती! नोकरीत आलेले अपंगत्व त्या वेळी कागदावर आले असते, तर अपंगत्वाच्या पेन्शनसाठी आधार झाला असता. पुढे कान दाखवत फिरला, पण पुरावा नव्हता.

तो कालकथित झाल्यावर त्याच्या पत्नीवर दुसरे संकट आले. फौजेच्या दप्तरी तिचे माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. एकाच बाईच्या दोन बाया झाल्या आणि कुटुंब पेन्शन अडकली. प्रतिज्ञापत्र, दाखले, अर्ज यांत दीड वर्ष गेले. या काळात माऊलीने दुसऱ्यांची धुणीभांडी केली. मिरवणुकीत नाचणारे आम्ही सारे तेव्हा कुठे होतो? आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाची किंमत आम्हांला कळते. तरी हार घालताना ती आठवली नाही, याची आम्हांला लाज वाटते.

म्हणून समाजबांधवांना सांगणे आहे. घरात फौजी असेल तर लग्न झाल्यावर, मूल जन्मल्यावर युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर करून घ्या. पत्नीचे आणि मुलांचे नाव, जन्मतारीख आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवा. शेवटच्या तपासणीत दुखणे लपवू नका. डिस्चार्ज बुक व पेन्शनचा आदेश जपून ठेवा, त्यांच्या प्रती पत्नीजवळ द्या. घरी येताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. आता पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय पद्धतीने येते. तेथे वर्षातून एकदा हयातीची नोंद करावी लागते, ती चुकवू नका.

पहिल्या महायुद्धात उभी राहिलेली १११ वी महार पलटण एडनपर्यंत गेली आणि १९२१ साली मोडली गेली. शिपाई घरी बसले. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी आग्रह धरला आणि त्याच वर्षी बेळगावला महार पलटण पुन्हा उभी राहिली. एवढ्या झगड्याने मिळालेली ही नोकरी आहे. तिचा शेवटचा पैसाही त्या घरात पोचला पाहिजे.

पुढचा जवान परतेल तेव्हा मिरवणूक जरूर काढा. दुसऱ्या दिवशी मात्र वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्याच्या घरी बसून सारे कागद एकदा वाचावेत. जयभीम!