‘कॉर्निश’ म्हणजे काय?

मांसल कोंबड्यांची पिल्ले घेण्यास निघालेल्या शेतकऱ्याच्या कानी ‘कॉर्निश’ हा शब्द पडतो. शब्द परका आहे. परंतु त्याचा अर्थ न समजल्यास गाठीचा पैसा बुडण्याचा संभव असतो.

खानदेशातील ते खानदेशी, तसे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यातील ते कॉर्निश. तेथील लोक, त्यांची जुनी केल्टिक भाषा, खाणीतील पाणी उपसणारे वाफेचे इंजिन, या सर्वांस हेच विशेषण लागते. जळगावच्या भरीत वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तसेच संरक्षण तेथील ‘कॉर्निश पेस्टी’ या सारण भरलेल्या पदार्थाच्या नावास २०११ साली युरोपात मिळाले.

कुक्कुटपालकाच्या दृष्टीने मात्र कॉर्निश म्हणजे रुंद छातीची, आखूड व जाड पायांची कोंबडी. तिच्या अंगी आपल्याच असील कोंबडीचे रक्त आहे. एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलमध्ये असील व इंग्रजी झुंजीच्या कोंबड्यांच्या संकरातून ही जात तयार झाली. म्हणूनच इंग्लंडमध्ये तिला ‘इंडियन गेम’ म्हणतात; कॉर्निश हे नाव अमेरिकेत रूढ झाले. झुंजीस ती निरुपयोगी ठरली, परंतु छातीवरील मांसामुळे तिचे महत्त्व वाढले. आजच्या ब्रॉयलरच्या घडणीत नराकडून कॉर्निश व मादीकडून पांढरी प्लायमाऊथ रॉक या जातींचा मुख्य वाटा आहे. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी काढलेल्या ‘वनराजा’ या वाणाचा नरवंशही तांबड्या कॉर्निशपासून घडविलेला आहे.

नाव एकच असले तरी उपयोग निराळे आहेत. शुद्ध कॉर्निश अंडी थोडी देते. अंड्यांच्या उत्पन्नासाठी ती घेऊ नये. ब्रॉयलर हा संकर मांसासाठीच असतो. त्याची अंडी उबवून पुढची पिढी काढल्यास तीत मूळचे गुण एकसारखे उतरत नाहीत. शिवाय जड पक्ष्यास उष्णता सोसत नाही. धुळे जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. त्या दिवसांत छपरावर गवत वा पाचट पसरावे, हवा खेळती ठेवावी, थंड पाणी सदैव ठेवावे, गर्दी टाळावी आणि भर दुपारी खाद्य देऊ नये.

उत्तम जातीचे नाव रोगास अडवीत नाही. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची पहिली लागण आढळली, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तेव्हा स्वच्छता, लसीकरण व संशयास्पद मरतुकीची तत्काळ वर्दी यांत हयगय नसावी.

ग्रामसेवकांनी पिल्ले घेणाऱ्यास तीन प्रश्न विचारण्यास शिकवावे: पक्षी शुद्ध की संकरित? मांसासाठी की अंड्यांसाठी? लस कोणती व केव्हा दिली? आणि ज्यांच्या घरी शुद्ध असील आहे, त्यांनी ती जपावी. जगाने जिच्यापासून वाण घडविले, ती आपल्या अंगणातून नाहीशी होऊ नये.