डिझेल इंजिनातला हवेचा पंप

सायकलीत हवा भरताना पंप हाताला गरम लागतो ना? हवा दाबली की ती तापते. असाच एक मोठा पंप रेल्वेच्या डिझेल इंजिनात असतो. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाबरोबर स्टेशनावर गेलो होतो. गाडी उभी होती, तरी इंजिन धडधडत होते. मधूनच फुस्स आवाज यायचा. मी विचारले, "मामा, इंजिन पंक्चर झालं का?" मामा हसून म्हणाला, "अरे, हवा भरतंय ते. पुरेशी हवा भरल्याशिवाय गाडी हलायची नाही." नंतर गुरुजींनी मला सगळे समजावून सांगितले.

कॉम्प्रेसरचा दट्ट्या खाली गेला की गाळलेली हवा मोठ्या सिलिंडरात शिरते. वर आला की ती दाबली जाते. तापलेली हवा नळ्यांतून जाताना निवते आणि लहान सिलिंडरात आणखी दाबली जाते. मग ती लोखंडी टाक्यांत साठते. टाकीत दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब झाला की हवा भरणे आपोआप थांबते. दाब ८ किलोवर उतरला की पुन्हा सुरू होते. मोटारीच्या चाकात साधारण २ किलोच दाब असतो! दाबलेली हवा निवली की तिच्यातले पाणी सुटते. ते बाहेर टाकताना फुस्स आवाज होतो.

या हवेवर भोंगा वाजतो. पण तिचे मोठे काम म्हणजे ब्रेक. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळ जातो. दोन डब्यांमध्ये त्याची रबरी नळी लोंबताना दिसते. नळात ५ किलो दाब असला की ब्रेक सुटलेले राहतात. दाब कमी झाला की प्रत्येक डब्याखालच्या छोट्या टाकीतली हवा ब्रेक चाकांवर दाबते.

असे उलटे का बरे? पूर्वी नळ फुटला तर ब्रेकच लागत नसे. म्हणून अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ साली ही युक्ती काढली. आता डबे तुटले, नळ फुटला, तरी गाडी आपोआप थांबते.

डब्यातली साखळी ओढली की याच नळातली हवा बाहेर जाते. ती पुन्हा भरेपर्यंत सगळी गाडी खोळंबते. गाडीत कोणी आजारी माणूस दवाखान्यात निघालेला असेल. म्हणून संकट असेल तरच साखळी ओढा, गंमत म्हणून कधीच नाही.