लाखेचा मणी आणि चार दिवसांचा बाजार

वाराणसीतील काश्मिरीगंज आणि खोजवाँ या वस्त्यांमध्ये लाकडी खेळणी व लाखकाम हा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय आहे. खरादावर, म्हणजे लेथवर, फिरणाऱ्या लाकडाच्या तुकड्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तिचा पातळ थर चढतो. कुंचला लागत नाही. खेळण्यांबरोबरच माळांचे मणी, बांगड्या आणि सिंधोरा, म्हणजे नववधूला दिली जाणारी शेंदराची लाकडी डबी, याच खरादावर घडतात. मराठी घरातील कुंकवाच्या करंड्याचे सिंधोऱ्याशी जवळचे नाते आहे.

या वस्तूंचा आरंभ शेतशिवारातच होतो. पूर्वी कोरैया या जंगली वृक्षाचे लाकूड वापरले जाई. ते दुर्मीळ झाल्यावर कारागिरांनी निलगिरीचा आधार घेतला. लाख तर पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणाऱ्या कीटकाची देणगी आहे.

मात्र मालाच्या किमतीतील मोठा वाटा परंपरेने मधल्या व्यापाऱ्याकडे जातो. अल्पकालीन बाजारांचे महत्त्व येथे आहे. 2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या मैदानावर भरलेल्या काशी तमिळ संगमम् सोहळ्यात हस्तकलेची दालने महिनाभर खुली होती. त्याच वर्षी रेल्वेने ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजना सुरू केली. तिच्यात नाममात्र शुल्कात आणि पाळीपाळीने स्थानिक उत्पादकांना स्थानकावर जागा मिळते. प्रवाशाच्या पिशवीत मोठा हत्ती मावत नाही, मण्यांची माळ मावते. त्यामुळे अशा ठिकाणी दागिन्यांसारख्या लहान वस्तूंना साहजिकच अधिक वाव असतो.

अडचणही तेथेच उभी राहते. शेजारच्या मांडणीवर यंत्राने बनवलेले प्लास्टिकचे मणी निम्म्या किमतीत लटकत असतात आणि दोन हात अंतरावरून दोन्ही सारखेच दिसतात. ‘हस्तनिर्मित’ अशी पाटी लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण पाटी कोणीही लावू शकतो. त्यापेक्षा लहान खराद मांडून ग्राहकासमोर मणी रंगवून दाखवणे कितीतरी परिणामकारक. दुसरी चूक हिशेबाची. समजा, एका माळेला लाकूड, लाख व दोरा मिळून 40 रुपये आणि मजुरी 60 रुपये लागली. ती 120 रुपयांना विकली, तर हाती राहिलेल्या 20 रुपयांत प्रवास, मुक्काम, जागेचे शुल्क आणि न विकलेल्या मालाचा भार कसा भागणार? घासाघीस सुरू होण्यापूर्वीच तळाची किंमत ठरलेली असावी.

लाखेचे दोन गुणधर्म विक्रेत्याने ग्राहकाला आवर्जून सांगायला हवेत. ती अल्कोहोलमध्ये विरघळते. अत्तराचा फवारा किंवा हातावरील सॅनिटायझर बांगडीची चकाकी घालवतो. ती उष्णतेने मऊही होते, म्हणून वैशाखाच्या उन्हात उघड्यावर मांडलेला माल एकमेकांस चिकटू शकतो. हे आधी न सांगितल्यास बांगडी निकृष्ट होती, असाच ग्राहकाचा समज होतो.

वाराणसीच्या लाखकामाला व लाकडी खेळण्यांना भौगोलिक निर्देशन मिळालेले आहे. तथापि ते चिन्ह नोंदणीकृत ‘अधिकृत वापरकर्त्या’लाच वापरता येते. ही नोंदणी कोरडी औपचारिकता नव्हे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले, त्यातून अशा अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदणीकृत उत्पादनांना सूट आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनाही ती लागू होते. माळांसोबत चार भोवरे मांडणाऱ्याने ही कागदपत्रे जवळ ठेवलेली बरी.

महाराष्ट्रात या साखळीची दोन्ही टोके उपलब्ध आहेत. गोंदिया व गडचिरोलीत पळस विपुल आहे, सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची परंपरा आहे आणि महिला बचत गटांसाठी महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने भरतात. लाखशेतीच्या तंत्रासाठी रांचीजवळील नामकुम येथे 1924 मध्ये लाख संशोधनाकरिता स्थापन झालेली संस्था आजही मार्गदर्शन करते. पळसावरील रंगीनी लाखेचे ‘कातकी’ पीक जुलैत बीजलाख बांधल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीस येते. हिवाळी प्रदर्शनांचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो. त्यामुळे कारागिरांच्या गटाने लाखेची मागणी पावसाळ्यापूर्वीच शेतकऱ्यांच्या गटाकडे नोंदवली, तर नवी लाख वेळेत खरादावर पोहोचू शकते.