आपली किंमत कोण ठरवतं? ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तर आणि कोल्हापूर-मिरजेचा अनुभव

रंकाळ्यावर संध्याकाळी काढलेला फोटो तुम्ही मोठ्या हौसेनं टाकता. पहिल्या दहा मिनिटांत चार लाइक. अर्ध्या तासानं अकरा. तेवढ्यात मैत्रिणीच्या फोटोनं दोनशेचा आकडा पार केलेला दिसतो. मग तुम्ही आपलाच फोटो पुन्हा उघडून बघता. चेहरा सुजल्यासारखा वाटतोय का? ड्रेस चुकला का? तासाभरानं फोटो डिलीट होतो. दुपारी आवडलेला चेहरा संध्याकाळी आवडेनासा होतो.

गोष्ट लहान आहे. पण हाच हिशेब बारावीच्या टक्क्यांना, लग्नासाठी आलेल्या नकारांना, घटस्फोटाला किंवा मूल न होण्याला लावला जातो, तेव्हा माणूस आतून खचतो. 'माझी किंमत काय?' हा प्रश्न तेव्हा झोप उडवतो.

या प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धा काय उत्तर देते? त्या उत्तरानं कुणाला बरं केलं का? आणि कुठे सावध राहायला हवं? कोल्हापूर आणि आसपासच्या भागाकडे याचा दीडशे वर्षांहून जुना अनुभव आहे. तो समजून घेऊया.

आपण आपली किंमत कशावर टेकवतो?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक मोजपट्टी मांडली. माणूस आपली किंमत कशाकशावर टेकवतो, याचे सात आधार त्यात आहेत: लोकांची पसंती, दिसणं, इतरांशी स्पर्धा, अभ्यासातलं यश, कुटुंबाचा आधार, सद्वर्तन आणि देवाचं प्रेम.

यातले पहिले चार आधार रोज वर-खाली होतात. लोकांची पसंती आज आहे, उद्या नाही. चेहऱ्यावर वय दिसू लागतं. स्पर्धेत कायम पुढे राहणं कुणालाच जमत नाही. पाय अशा जमिनीवर असतील तर चांगल्या दिवशीही पडण्याची भीती जात नाही.

सातवा आधार मात्र आपल्या कामगिरीवर अवलंबून नाही. निदान ख्रिस्ती शिकवण तरी तसंच सांगते.

ख्रिस्ती श्रद्धा नेमकं काय सांगते?

बायबलच्या पहिल्याच अध्यायात एक विचार येतो: देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, पुरुषालाही आणि स्त्रीलाही. म्हणजे माणसाची किंमत जन्माबरोबरच आली. ती कमवावी लागत नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. या न कमावता मिळालेल्या प्रेमाला ख्रिस्ती माणसं 'कृपा' म्हणतात.

उधळ्या मुलाची गोष्ट अनेकांना माहीत असेल. वडिलांकडून आपला वाटा घेऊन मुलगा घर सोडतो, सगळं उडवतो आणि शेवटी डुकरं राखायची वेळ येते. 'आता मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, चाकर म्हणून ठेवा' असं सांगायचं ठरवून तो परततो. पण वडील त्याला लांबूनच बघतात आणि धावत जाऊन गळ्याशी धरतात. त्याची माफी नंतर येते. मिठी आधी.

हा क्रम लक्षात ठेवा: आधी स्वीकार, मग सुधारणा. जगाचा नियम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी काहीतरी करून दाखवा, मग जवळ घेऊ.

अपराधीपणा आणि लाज यांतला फरकही इथे कळतो. 'माझी चूक झाली' हा अपराधीपणा. त्यातून माणूस माफी मागतो, नुकसान भरून देतो, पुढे जातो. 'मीच एक चूक आहे' ही लाज. तिच्यात माणूस तोंड लपवतो. चूक मान्य करायलाही आधी कुठेतरी उभं राहायला जागा लागते, आणि कृपेची कल्पना ती जागा देते.

बारा वर्षं 'बाजूला' असलेली बाई

मार्कच्या शुभवर्तमानात एका बाईची गोष्ट आहे. बारा वर्षं तिचा रक्तस्राव थांबलेला नाही. वैद्य झाले, पैसा संपला, दुखणं वाढतच गेलं. त्या काळच्या यहुदी नियमांप्रमाणे अशी बाई अशुद्ध. तिचा स्पर्शही विटाळ मानला जायचा.

मराठी घरात हे समजावून सांगावं लागत नाही. 'कावळा शिवला', 'बाजूला बसली' हे शब्द आपल्याकडे अजून विसरले गेलेले नाहीत. महिन्यातल्या चार दिवसांचं ते वेगळेपण सलग बारा वर्षं सोसायचं, अशी कल्पना करून बघा.

ही बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हळूच हात लावते आणि रक्त थांबतं. गोष्ट इथे संपू शकली असती. पण येशू थांबतो आणि हात कुणी लावला ते विचारतो. ती थरथरत पुढे येते, सगळ्यांसमोर आपली हकिगत सांगते. तो रागावत नाही. तिला मुलगी म्हणून हाक मारतो.

म्हणजे तिची सुटका दोनदा झाली. शरीर बरं झालं ते गर्दीत लपून. पण बारा वर्षांचं वेगळेपण गेलं ते चारचौघांत कुणीतरी तिला आपलं म्हटल्यावर. कुष्ठरोग्याच्या गोष्टीतही हेच दिसतं. येशू त्याला आधी हात लावतो, तो बरा होतो नंतर.

कोल्हापूर-मिरजेत हे कसं उतरलं?

रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथे शाळा काढल्या. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे. एस्तेर पॅटन हायस्कूल आणि मेरी वॉनलेस हॉस्पिटल ही नावंही कोल्हापूरकरांच्या तोंडात रुळलेली आहेत. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचं कारण नाही. त्यावर तेव्हाही वाद झाले. पण त्यांच्या शाळा-दवाखान्यांत येणाऱ्या अनेकांना दुसरीकडे दार बंद होतं, हेही तितकंच खरं.

याच मिशनमध्ये १८८९ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस आले. जन्म कॅनडातला. त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं आणि मिरज पुढे दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यांच्या कामातून कुष्ठरुग्णांसाठीही आश्रम उभा राहिला. तोच पुढे रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल झाला.

आता थोडं तारखांकडे बघूया. कुष्ठरोगावर खरोखर लागू पडणारी सल्फोन औषधं आली १९४० च्या दशकात. आज वापरतात ती बहुविध औषधोपचार पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवली १९८१ मध्ये. त्याआधी मुख्य आधार कडू कवठीच्या तेलाचा. त्याचा गुण बेताचाच.

मग त्या काळात अशा आश्रमात काय मिळायचं? जखम धुणारा हात. पट्टी. वेळेवर जेवण. राहायला खोली. नावानं हाक. घरच्यांनी गावाबाहेर काढलेल्या माणसाला रोज कुणीतरी शिवत होतं. रोग बरा करण्याची ताकद डॉक्टरकडे नव्हती, तरी माणसाला पुन्हा माणसांत घेण्याची होती. रोग जाणं आणि माणूस सावरणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे या आश्रमांनी दाखवलं.

लक्ष्मीबाई टिळक: उलट्या बाजूचा प्रवास

आतापर्यंत आपण खाली ढकललेल्या माणसांबद्दल बोललो. ज्यांना जन्मानं वरची जागा मिळाली, त्यांचं काय? त्यासाठी कोल्हापुरातून नाशिक-नगरकडे जावं लागेल.

'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. घरी वडिलांना सोवळ्याओवळ्याचं कमालीचं वेड. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. लोकांचे टोमणे वेगळेच.

नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनी लगेच बदलला नाही. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळलं. मग हळूहळू त्या स्वतःच विचार करू लागल्या: जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळालं तसं त्यांनी इतरांच्या हातचं पाणी घेतलं आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला.

त्यांनी आधी सोडला तो सोवळ्यामुळे मिळणारा मोठेपणा. तोही एक आधार होता आणि दुसऱ्याला खाली ठेवल्याशिवाय तो टिकत नव्हता. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईचं 'स्मृतिचित्रे' आज मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं.

हे फक्त चर्चमध्येच घडतं का?

नाही. कोल्हापूरच्याच गंगाराम कांबळेंची गोष्ट घ्या. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या या माणसानं सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला फटके खावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. स्वतः छत्रपतीच चहा पितात म्हटल्यावर इतरांनाही तो घेणं भाग पडलं. इथेही क्रम तोच. आधी जवळ जाणं, मग बदल.

उलट चर्चमध्ये आल्यानं सगळं सुटलं असंही नाही. महाराष्ट्रातल्या अनेक दलित कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण जात काही मंडळ्यांच्या दारातून त्यांच्यामागोमाग आत आली. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. 'देवासमोर सगळे सारखे' हे वाक्य जेवणाच्या पंगतीत आणि लग्न जुळवतानाही खरं ठरलं, तरच त्याला अर्थ.

मग श्रद्धेनं खरंच बरं वाटतं का?

अनेकांना वाटतं. त्याची कारणंही समजण्यासारखी आहेत. प्रार्थनेत माणूस मनातलं बोलतो. पापकबुलीत चुकीला शब्द मिळतात आणि क्षमा ऐकायला मिळते. रविवारी चर्चला दिसला नाहीत तर कुणीतरी चौकशी करायला घरी येतं. दुसऱ्यासाठी काही केलं की आपण उपयोगी आहोत हे कळतं.

पण श्रद्धा कशी आहे, यावर बरंच अवलंबून असतं. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवानं आपल्याला टाकून दिलंय, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, अशा विचारांशी झगडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. म्हणजे 'देव माझ्या बाजूनं आहे' हा विश्वास आधार देतो आणि 'देव मला शिक्षा करतोय' हा विचार आजारात भर घालू शकतो.

म्हणून कुठल्याही धर्मातल्या, कुठल्याही गुरूच्या किंवा पाळकाच्या तोंडून पुढचं काही ऐकलंत तर सावध व्हा:

- 'औषधं बंद करा, फक्त प्रार्थना पुरे.'
- 'बरं वाटत नाही कारण तुमचा विश्वासच कमी आहे.'
- 'नवरा मारतो? सहन कर, तोच तुझा क्रूस.'
- 'इतकं दान द्या, मग आशीर्वाद मिळेल.'

ही वाक्यं पुन्हा जुनाच हिशेब मांडतात: आधी काहीतरी द्या, मग किंमत मिळेल. कृपेचा अर्थच त्यात उलटा होतो. आणि मारहाण सहन केल्यानं कुणाची किंमत वाढत नाही.

वॉनलेस प्रार्थनाही करत होते आणि शस्त्रक्रियाही. त्यांच्या लेखी दोन्हींत भांडण नव्हतं. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. किंवा केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आज एवढं करून बघा

तुम्ही ख्रिस्ती असा, दुसऱ्या धर्माचे असा किंवा कुठल्याच देवाला मानत नसा, वरच्या सात आधारांपैकी आपला पाय कशावर आहे, हे एका कागदावर लिहा. मग त्याखाली अशा एका माणसाचं नाव लिहा, जो तुम्ही नापास झालात, आजारी पडलात किंवा चुकलात तरी तुम्हाला घरात घेईल. नाव सुचलं तर आज त्याला फोन करा.

आणि नाहीच सुचलं, तर हे नाव न सापडणारे तुम्ही एकटे नाही. तुमच्या ओळखीतल्या ज्या माणसाचा फोटो हल्ली दिसेनासा झालाय, त्याला विचारा, 'जेवलास का?' सुरुवात तिथूनही होते.