शासकीय संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुलभ आहे का? एआय साधनांनी असे तपासा

निवृत्तिवेतनाचा किंवा यूडीआयडी कार्डाचा ऑनलाइन अर्ज भरताना स्क्रीन रीडर मध्येच गप्प होतो, कॅप्चा वाचता येत नाही, माऊसशिवाय पुढे जाता येत नाही. अशा वेळी चूक आपली नसून संकेतस्थळाची असू शकते. व्हाइटफील्डमधील मराठी कुटुंबांना केंद्र, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा तिन्ही सरकारांच्या संकेतस्थळांशी काम पडते. त्यांतील अडचण कशी शोधावी आणि कोणाला कळवावी, ते येथे पाहा.

आपला हक्क काय आहे?

• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील माहिती दिव्यांगांना सुलभ असावी, यासाठी शासनाने उपाय करायचे आहेत.
• शासकीय संकेतस्थळांसाठीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी (जीआयजीडब्ल्यू ३.०) डब्ल्यूसीएजी २.१ हे आंतरराष्ट्रीय निकष ‘एए’ स्तरापर्यंत पाळायला सांगितले आहेत.
• ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला.

तपासणी कशी करावी?

१. आधी स्वतः अर्ज भरून पाहा. संगणकावर एनव्हीडीए (मोफत) किंवा मोबाइलवर टॉकबॅक वापरा. कोणत्या रकान्यावर अडलात ते लिहून ठेवा.
२. ‘वेव्ह’सारख्या मोफत तपासणी साधनात त्या पानाचा पत्ता टाका. नाव नसलेली बटणे, वर्णन नसलेली चित्रे, फिकट अक्षरे यांची यादी मिळते.
३. ती यादी एआय चॅटबॉटला द्या आणि ‘या चुकांमुळे अंध व्यक्तीला अर्ज भरताना काय अडचण येईल, सोप्या मराठीत सांगा’ असे विचारा.
४. स्क्रीन रीडर नुसतेच ‘बटण’ म्हणत असेल, तर पानाचा फोटो ‘बी माय आइज’सारख्या ॲपला दाखवून त्यावर काय लिहिले आहे ते विचारा.

एआयवर किती विसंबावे?

यंत्राने तपासणी करणे बेंगळुरूला नवीन नाही. येथील ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने २०१२ मध्ये सुमारे ७,८०० शासकीय संकेतस्थळे संगणकीय साधनाने तपासली होती. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश उघडलीच नाहीत. मात्र चित्राला वर्णन आहे की नाही, एवढेच असे साधन खात्रीने सांगते. वर्णन म्हणून ‘फोटो १’ एवढेच लिहिले असले, तरी साधन ते पास करू शकते. लॉगिननंतरची पाने बहुधा तपासली जात नाहीत. एआयने केलेल्या कन्नड पानाच्या भाषांतरात योजनेचे नाव किंवा अट चुकू शकते, म्हणून मूळ मजकूर जाणकाराकडून पडताळून घ्या. अर्ज शेवटपर्यंत भरता आला की नाही, याचा निकाल आपला अनुभवच देतो.

तक्रार कोठे करावी?

• प्रथम त्या संकेतस्थळाच्या ‘संपर्क’ पानावरील वेब इन्फर्मेशन मॅनेजरला लिहा.
• दाद न मिळाल्यास: केंद्राच्या संकेतस्थळासाठी दिव्यांगजन मुख्य आयुक्त, नवी दिल्ली, ‘सेवा सिंधू’सारख्या कर्नाटकच्या सेवेसाठी राज्य आयुक्त, बेंगळुरू, महाराष्ट्रासाठी दिव्यांग कल्याण आयुक्तालय, पुणे.
• पानाचा पत्ता, तारीख, वेळ, वापरलेले साधन, अडलेला रकाना आणि त्यामुळे थांबलेला लाभ लिहा. तपासणीचा अहवाल जोडा.

लक्षात ठेवा

• आधार, यूडीआयडी व बँक खाते क्रमांक, ओटीपी किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र एआय साधनाला देऊ नका. स्क्रीनशॉट देण्याआधी ही माहिती झाका.
• अंतिम तारीख जवळ असल्यास तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत थांबू नका. कर्नाटकच्या सेवेसाठी जवळच्या ‘बेंगळुरू वन’ केंद्रात चौकशी करा, इतर अर्जांसाठी संबंधित कार्यालयाची मदत घ्या आणि पोचपावती जपून ठेवा. अर्ज भरला तरी तक्रार जरूर करा. पुढच्या अर्जदाराची वाट त्यामुळे सोपी होईल.